डोळ्यात दोन थेंब : डॉ. कार्ल कोलर यांची जीवनकथा



गेल्या वर्षी आजी-आजोबा मेळाव्याच्या निमित्ताने आम्ही शाळेच्या सभागृहात नेत्रतपासणी ठेवली होती. त्या दिवशी सातवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजींचा मोतीबिंदू चांगलाच पिकलेला निघाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवताच आजींनी पदर सावरला आणि त्या सरळ उठून निघाल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांच्या डोळ्याशेजारी सुई टोचून भूल दिली होती, ते दृश्य त्यांच्या मनातून जात नव्हते. दिसेनासे झाले तरी चालेल, पण डोळ्याजवळ सुई नको, असा त्यांचा हट्ट होता. नातू रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे आणि त्या त्यावरच समाधान मानत होत्या.

पुढे दोन महिन्यांनी घरच्यांनी समजूत काढली आणि त्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या. सुई टोचावी लागलीच नाही. डोळ्यात औषधाचे थेंब घातले आणि थोड्याच वेळात सर्व आटोपले. दुसऱ्या आठवड्यात त्या नातवाला सोडायला स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत आल्या. त्याच दिवशी या मुलाने प्रार्थनेनंतर आम्हाला विचारले की, सर, हे थेंब पहिल्यांदा कोणी शोधले? आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. शिक्षकांच्या खोलीत विचारले, तिथेही कोणाला सांगता आले नाही. एडिसन, न्यूटन, मादाम क्युरी ही नावे आपल्या तोंडपाठ असतात. पण ज्याच्यामुळे कोट्यवधी माणसांच्या डोळ्यांवरील शस्त्रक्रिया वेदनेवाचून झाल्या, त्याचे नावही आपल्याला माहीत नसावे याची आम्हाला लाज वाटली. म्हणून आम्ही पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

भूल नव्हती तेव्हा

डोळा हा शरीराचा फार नाजूक भाग आहे. धुळीचा एक कण गेला तरी जीव नकोसा होतो. कारण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे अतिशय दाट जाळे असते. कशाचाही स्पर्श झाला की पापणी आपोआप मिटते. निसर्गाने डोळ्याच्या रक्षणासाठी केलेली ही सोय शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याला मात्र अडचणीची ठरते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरील उपचाराचे वर्णन आहे. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारत असत. युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी ते भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. परंतु पद्धत कोणतीही असो, रुग्णाला धरून ठेवावे लागे आणि वैद्याला घाई करावी लागे. रुग्ण दचकला, हलला, तर डोळा जाण्याचे भय असे.

सन १८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. पुढच्याच वर्षी एडिनबरात सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. इतर शस्त्रक्रियांचे रूप त्यामुळे पालटले, पण डोळ्याच्या डॉक्टरांचा प्रश्न सुटला नाही. बेशुद्ध रुग्णाला वर बघा, खाली बघा असे सांगता येत नाही. शिवाय या भुलीतून जागे होताना रुग्णाला जोराच्या उलट्या होत. मोतीबिंदूच्या ताज्या जखमेवर तो ताण आला की डोळ्यातला भाग बाहेर येण्याचा धोका असे. त्यामुळे अनेक नेत्रवैद्य भूल न देताच शस्त्रक्रिया करत. माणूस जागा राहावा, त्याने सांगितलेले ऐकावे आणि फक्त डोळा बधिर व्हावा, अशी भूल हवी होती. ती कोणाजवळच नव्हती.

बोहेमियातला मुलगा, व्हिएन्नातला डॉक्टर

कार्ल कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातील शुटेनहोफेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक देशात आहे आणि त्याचे नाव सुशित्से असे आहे. कार्ल लहान असतानाच त्यांची आई वारली. पुढे कुटुंब व्हिएन्नात आले आणि त्यांचे शिक्षण तिथेच झाले.

व्हिएन्ना हे त्या काळी वैद्यकाचे माहेरघर होते. तिथले सार्वजनिक रुग्णालय इतके मोठे आणि नावाजलेले होते की देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला येत. कोलर यांनी तिथल्या विद्यापीठातून १८८२ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. विद्यार्थी असतानाच त्यांनी प्राध्यापक श्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या वाढीवर संशोधन केले होते. प्रयोग कसा मांडावा, निरीक्षण कसे नोंदवावे, घाईने निष्कर्ष कसा काढू नये, हे वळण त्यांना तिथे लागले.

त्यांच्या मनात एकच होते, नेत्रवैद्य व्हायचे. व्हिएन्नाच्या नेत्रविभागात सहायकाची जागा मिळावी ही त्यांची फार इच्छा होती. फर्डिनांड आर्ल्ट हे तिथले थोर नेत्रवैद्य. डोळ्याला योग्य अशी भूल नाही, ही अडचण त्यांच्या बोलण्यात वारंवार येत असे. कोलर यांनी ती गोष्ट मनावर घेतली. त्यांनी प्राण्यांच्या डोळ्यांवर क्लोरल, ब्रोमाइड, मॉर्फिन अशी एकेक औषधे घालून पाहिली. काहीच उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी तो नाद बाजूला ठेवला, पण प्रश्न मनातून गेला नव्हता. मित्रांनो, या गोष्टीची खरी गुरुकिल्ली हीच आहे, ती लक्षात ठेवा.

जिभेचा बधिरपणा आणि एक क्षण

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणारे लोक थकवा घालवण्यासाठी कोका नावाच्या झुडपाची पाने शतकानुशतके चघळत आले आहेत. ऑस्ट्रियाच्या नोव्हारा या जहाजाने १८५७ ते १८५९ या काळात जगप्रवास केला. त्या प्रवासातून आणलेल्या पानांपासून १८६० च्या सुमारास जर्मनीतील आल्बर्ट निमान या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कोकेन हा पदार्थ वेगळा काढला. तो जिभेवर ठेवला की जीभ बधिर होते, हेही त्याने लिहून ठेवले. त्यानंतर आणखी काही संशोधकांनी असाच अनुभव नोंदवला. म्हणजे जवळपास चोवीस वर्षे ही गोष्ट छापील स्वरूपात जगापुढे होती आणि तिचा डोळ्याशी संबंध कोणाच्या ध्यानी आला नाही.

कोलर यांच्याच रुग्णालयात त्यांचे एक मित्र होते, सिग्मुंड फ्रॉइड. पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेले तेच हे फ्रॉइड. १८८४ च्या जुलै महिन्यात त्यांनी कोकावर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. कोकेनने उत्साह येतो, मॉर्फिनचे व्यसन सोडवायला त्याचा उपयोग होईल, अशी त्यांची समजूत होती. लेखाच्या शेवटी बधिरपणाचाही उल्लेख त्यांनी केला होता. त्यांनी कोलर यांनाही आपल्या प्रयोगांत सामील करून घेतले होते. त्यानंतर फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला हॅम्बुर्गजवळच्या गावी निघून गेले.

इकडे एके दिवशी एका सहकाऱ्याने चाकूच्या टोकावरचे थोडे कोकेन जिभेवर घेतले आणि जीभ बधिर झाल्याचे सांगितले. कोलर यांनी उत्तर दिले की, होय, ज्यांनी ज्यांनी ते खाल्ले त्या सर्वांच्या हे लक्षात आले आहे. आणि बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जीभ बधिर होते तर डोळा का होणार नाही? आपण इतके दिवस शोधत होतो ते औषध तर आपल्या हातातच आहे!

ते तडक श्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे गेर्टनर नावाचे सहायक होते. कोलर यांनी पांढऱ्या भुकटीची चिमूट पाण्यात विरघळवली आणि तो द्रव एका बेडकाच्या डोळ्यात घातला. सुमारे मिनिटभरात त्या डोळ्याला स्पर्श केला, टोचले, तरी बेडूक हलला नाही. दुसऱ्या, औषध न घातलेल्या डोळ्याला जरासा स्पर्श होताच मात्र तो दचकला. एका डोळ्यात औषध आणि दुसरा तुलनेसाठी तसाच, ही प्रयोगाची मांडणी आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. त्यानंतर ससा आणि कुत्रा यांच्यावर प्रयोग झाले. तेच फळ मिळाले.

आता प्रश्न माणसाचा होता. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यात थेंब टाकले, आरसा पुढे धरला आणि टाचणीच्या डोक्याने स्वतःच्या डोळ्याला स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवले नाही. वैद्यकाच्या इतिहासातली एक मोठी घटना अशी एका प्रयोगशाळेत, दोन तरुणांमध्ये, टाचणी आणि आरशाच्या साहाय्याने घडली. कोलर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

गाडीभाड्याला पैसे नव्हते

सप्टेंबर १८८४ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद भरणार होती. आपला शोध मांडायला याहून चांगली जागा नव्हती, पण कोलर यांच्याजवळ प्रवासाला पैसे नव्हते. त्रिएस्ते शहराचे डॉ. ब्रेटाउअर परिषदेला निघाले होते. कोलर यांनी आपला छोटा निबंध त्यांच्या हाती दिला. १५ सप्टेंबर रोजी ब्रेटाउअर यांनी तो वाचून दाखवला आणि प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवला. जमलेल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हे पाहिले आणि बातमी वणव्यासारखी पसरली. परिषदेला आलेल्या अमेरिकेच्या डॉ. नॉइस यांनी ती आपल्या देशी कळवली आणि ऑक्टोबरमध्ये ती न्यूयॉर्कच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. १७ ऑक्टोबरला कोलर यांनी व्हिएन्नाच्या वैद्यक सभेपुढे स्वतः सविस्तर व्याख्यान दिले. डिसेंबरात लंडनच्या लॅन्सेटमध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. तार आणि आगबोटीच्या त्या काळात तीन महिन्यांत एखादा उपचार दोन खंडांत पोहोचावा, यावरून त्याची केवढी गरज होती ते कळते.

श्रेय कोणाचे, असा वादही निघाला. त्याच सुमारास क्योनिगस्टाइन नावाच्या नेत्रवैद्यांनीही कोकेन डोळ्यात घालून पाहिले होते. मित्रांनी मध्यस्थी केली आणि पहिला मान कोलर यांचा आहे, हे क्योनिगस्टाइन यांनी मान्य केले. फ्रॉइड यांना आपल्या हातून मोठा शोध निसटल्याची रुखरुख लागून राहिली. तरीही १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्यांनी हा शोध कोलर यांचाच आहे असे स्पष्ट लिहिले. कोलर यांना त्यांनी गमतीने कोका कोलर असे नावही दिले होते. १८८५ मध्ये फ्रॉइड यांच्या वडिलांच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती क्योनिगस्टाइन यांनी केली, भूल कोलर यांनी दिली आणि फ्रॉइड तिथे हजर होते. या शोधाशी जोडलेले तिघेही एका रुग्णाभोवती उभे होते. वाद झाला तरी माणसाने एकमेकांसाठी कसे उभे राहावे, याचे हे उदाहरण आहे.

अपमान आणि देशत्याग

एवढा मोठा शोध लावणाऱ्याला हवी ती जागा मिळाली असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. त्या काळी व्हिएन्नात ज्यू लोकांविषयी मोठा आकस होता. जानेवारी १८८५ मध्ये रुग्णालयात एका रुग्णाच्या बोटावरील घट्ट बंधनावरून कोलर आणि दुसऱ्या एका डॉक्टरात मतभेद झाला. कोलर यांचे म्हणणे रुग्णाच्या हिताचे होते. पण त्या डॉक्टराने सर्वांसमक्ष कोलर यांना त्यांच्या धर्मावरून घाणेरडी शिवी दिली. कोलर यांनी त्याच्या तोंडात मारली. दोघेही सैन्याच्या राखीव दलातले अधिकारी असल्याने प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले. द्वंद्वात तो डॉक्टर जखमी झाला, कोलर यांना इजा झाली नाही.

मित्रांनो, शिवीला चपराकीने आणि चपराकीला तलवारीने उत्तर देणे आम्ही योग्य म्हणणार नाही. परंतु ज्ञानाने मोठ्या असलेल्या माणसाला केवळ त्याच्या जन्मावरून खाली ओढणे ही त्याहून मोठी हिंसा आहे, हेही आम्हाला सांगितलेच पाहिजे. आपल्या देशाला हे दुखणे अपरिचित नाही. शाळेच्या मैदानात गमतीने कोणाच्या जातीवरून, भाषेवरून किंवा आडनावावरून टोमणा मारणाऱ्या मुलांनी इथे जरा थांबून विचार करावा.

व्हिएन्नात सहायकाची जागा कोलर यांना मिळाली नाही. १८८५ मध्येच त्यांनी ते शहर सोडले. नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथे डोंडर्स आणि स्नेलन या नेत्रवैद्यांजवळ त्यांनी काम केले. यांपैकी स्नेलन यांना तुम्ही सर्व जण ओळखता, फक्त नावाने ओळखत नाही. डोळे तपासताना भिंतीवरचा मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंतचा जो तक्ता आपण वाचतो, तो त्यांनी १८६२ मध्ये तयार केला होता.

१८८८ मध्ये कोलर न्यूयॉर्कला पोहोचले आणि तिथलेच झाले. माउंट सायनाय रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ नेत्रवैद्य म्हणून सेवा केली. १८९३ मध्ये त्यांनी लॉरा ब्लूम यांच्याशी विवाह केला. पहिल्या शोधाएवढा मोठा दुसरा शोध त्यांच्या हातून झाला नाही आणि त्यासाठी त्यांनी धडपडही केली नाही. रोज रुग्ण तपासावेत, शस्त्रक्रिया कराव्यात, असे त्यांचे आयुष्य होते. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण तो मान मिळाला नाही. अमेरिकेच्या नेत्रवैद्यांच्या संस्थेने मात्र १९२२ मध्ये आपले हाउ पदक पहिल्यांदा त्यांनाच दिले. २१ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा देहान्त झाला. ज्या व्हिएन्नाने त्यांना जागा दिली नाही, तिथून १९३८ मध्ये नाझींच्या भीतीने वृद्ध फ्रॉइड यांनाही लंडनला जावे लागले होते.

औषधाची दुसरी बाजू

कोकेनची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितली असे होईल. डोळा बधिर करणारे हे औषध डोळ्याचा पारदर्शक पडदा कोरडा आणि धूसरही करत असे. कधी कधी त्यावर जखम होई. त्याहून भयंकर म्हणजे त्याचे व्यसन लागते. मॉर्फिनचे व्यसन सुटावे म्हणून फ्रॉइड यांनी आपले मित्र फ्लाइशल यांना कोकेन दिले. त्यांना दोन्ही व्यसने जडली आणि १८९१ मध्ये त्यांचा अंत झाला. अमेरिकेचे थोर शल्यचिकित्सक हॉल्स्टेड यांनी कोलर यांचा शोध वाचून मज्जातंतूंजवळ कोकेन टोचण्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि तेही व्यसनात अडकले. हे सर्व शिकलेले, हुशार डॉक्टर होते. एकदा घेऊन पाहायला काय हरकत आहे, असे म्हणणाऱ्या मोठ्या वर्गातील मुलांनी ही उदाहरणे विसरू नयेत. आपल्या देशात १९८५ च्या कायद्याने कोकेन जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे.

म्हणून शास्त्रज्ञ निर्धोक औषधाच्या शोधाला लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या आइनहॉर्न यांनी प्रोकेन बनवले. त्याचे व्यसन लागत नसे, पण ते डोळ्याच्या पृष्ठभागातून नीट आत शिरत नसे, म्हणून टोचूनच द्यावे लागे. पुढे टेट्राकेन, लिडोकेन, प्रोपॅराकेन ही औषधे आली. नावांच्या शेवटचा केन हा भाग कोकेनचीच आठवण ठेवून आहे. ही औषधे मज्जातंतूंतून जाणारा संदेश काही काळ अडवतात. दिल्लीहून इंदूरला येणारी तार मधल्या स्टेशनावरच थांबावी, तसे वेदनेचे वृत्त मेंदूपर्यंत पोहोचतच नाही.

थेंब पुन्हा कसे आले

कोलर यांनी थेंबांनी सुरुवात केली, पण पुढे अनेक दशके मोतीबिंदूसाठी डोळ्याच्या मागे किंवा बाजूला सुई टोचून भूल देण्याची रीत रूढ झाली. त्या काळी छेद मोठा असे आणि डोळा अगदी स्थिर हवा असे. सुईने डोळा स्थिर होई, पण क्वचित रक्तस्राव होण्याचा किंवा डोळ्यालाच सुई लागण्याचा धोका असे. आमच्या सातवीतल्या मुलाच्या आजींना आठवत होती ती हीच सुई.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली. नंतर घडी करून आत सोडता येणारी कृत्रिम भिंगे आली. छेद तीन मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही लहान झाला, वेळ कमी लागू लागला आणि १९९० नंतरच्या दशकात पुष्कळ शस्त्रक्रिया पुन्हा नुसत्या थेंबांवर होऊ लागल्या. शंभर वर्षांनी कोलर यांचा थेंब नव्या रूपात परतला.

मग कोणता थेंब अधिक सुखकर, याचीही डॉक्टरांनी तुलना केली आहे. प्रोपॅराकेनचे थेंब घालताना डोळा कमी झोंबतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो बधिर होतो. मात्र परिणाम सुमारे पाव तासच टिकतो, म्हणून ते पुन्हा घालावे लागतात. टेट्राकेन घालताना अधिक झोंबते. लिडोकेनची घट्ट जेल डोळ्यावर जास्त वेळ टिकून राहते आणि नुसत्या थेंबांपेक्षा तिने वेदना कमी जाणवतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण तिचा थर जंतुनाशकाला आड येऊ शकतो, म्हणून जंतुनाशक आधी घालून मग जेल लावण्याची दक्षता डॉक्टर घेतात. थेंबांनी डोळ्याचा बाहेरचा पडदा बधिर होतो, आतला भाग तितका होत नाही; त्यामुळे थोडा दाब जाणवतो, प्रकाश दिसतो. गरज पडल्यास डॉक्टर थोडे लिडोकेन डोळ्याच्या आतही सोडतात. हे आधी माहीत असेल तर आजी-आजोबा घाबरत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

प्रत्येकाला थेंब पुरतातच असे नाही. ज्यांना सांगितलेले ऐकू येत नाही, ज्यांची मान थरथरते किंवा ज्यांचा मोतीबिंदू फार अवघड आहे, त्यांना सुईची भूल अधिक योग्य ठरू शकते. हा निर्णय डॉक्टरांचा आहे. आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो: हे बधिर करणारे थेंब घरी वापरण्याचे औषध नाही. डोळा दुखतो म्हणून ते वारंवार घातले तर पडद्याची जखम भरत नाही आणि दृष्टी जाऊ शकते.

दोन शब्द शेवटी

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे आम्ही निश्चेतना हा भारदस्त शब्द शिकलो. मराठीत मात्र साधा शब्द आहे, भूल. हिंदीत भूल म्हणजे चूक किंवा विसर. आम्ही जेव्हा ही जीवनकथा वाचली, तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र आले. वेदनेचा विसर पाडणारी भूल ज्याने जगाला दिली, त्यालाच विसरण्याची भूल आपल्या हातून झाली होती. ती या लेखाने थोडी तरी सुधारावी.

विद्यार्थ्यांनो, जीभ बधिर झाल्याचे अनेकांना जाणवले होते. पण प्रश्न कोलर यांच्या मनात होता, म्हणून उत्तर फक्त त्यांनाच दिसले. क्लोरल, ब्रोमाइड आणि मॉर्फिन यांचे फसलेले प्रयोग वाया गेले नव्हते. गणित चुकले म्हणून वही मिटून ठेवू नका. प्रश्न मनात जागा ठेवा, उत्तर कधी कोणाच्या सहज बोलण्यातून येईल ते सांगता येत नाही.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्यापैकी कोणी भीतीपोटी शस्त्रक्रिया पुढे ढकलत असेल, तर एकदा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, भूल कशी देणार ते विचारा. नातवंडांचा चेहरा नीट दिसावा यापेक्षा मोठे सुख कोणते? त्या मुलाच्या आजी आता वर्तमानपत्र स्वतः वाचतात. पुढच्या मेळाव्यात या विषयावर दोन शब्द बोलायला आम्ही त्यांनाच विनंती केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.